बसऱ्याला गेलेले पणजोबा

आमच्या घरात पणजोबांबद्दल सांगण्यासारखं एवढंच होतं: ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, लढाईला गेले आणि परत आले नाहीत. मागे राहिली पणजी, तिच्या पदरात माझे आजोबा आणि सरकारची पेन्शन. पणजीला गावात सगळे 'पेन्शनवाली' म्हणायचे. फोटो नाही, पत्र नाही, बिल्ला नाही. गाव खटाव तालुक्यातलं, वडूजपासून थोडं आत, येरळेच्या खोऱ्यातलं. गावाचं आणि घराण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते भावकीत अजून सगळ्यांच्या पचनी पडलेलं नाही.

शोध सुरू झाला तो २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम चालू होतं, कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं सोडली जात होती आणि गावोगाव वंशावळी काढल्या जात होत्या. माझे चुलतभाऊही त्याच धावपळीत होते. दाखल्यासाठी लागते ती वंशावळ म्हणजे नावांची उतरंड: मूळ पुरुष, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. चौकोन भरले की काम झालं. मला मात्र त्या दुसऱ्या चौकोनातला माणूस हवा होता. लढाईला गेला म्हणजे कुठल्या पलटणीत? कधी वारला? मी पुण्यात राहते, थोडा वेळ हाताशी होता, म्हणून भावांना म्हटलं की कागद आणायचं काम माझ्याकडे द्या.

शेतकरी घराचा माग काढायचा तर सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते. आजच्या सातबाऱ्यावरून मागे जायला लागलं की पहिली अडचण येते ती गट नंबरची. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट पडले, त्यामुळे आजचा गट पूर्वी कोणता सर्व्हे नंबर होता हे आधी काढावं लागतं. ते भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या ९(३), ९(४) च्या उताऱ्यावर मिळतं. तो नंबर हाती आला की तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा आणि मागायचं: जुने सातबारे, त्याआधीची पाहणीपत्रकं, हक्कनोंदीची क-ड-ई पत्रकं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फेरफार. सातबारा फक्त जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती का आणि कशी आली, कोण वारलं, कोण वारस, कोणाचं नाव कमी झालं, हे फेरफारात असतं. सातबाऱ्यावर नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. एका क्रमांकावरून त्याच्या आधीच्या क्रमांकाकडे असं मागे मागे जायचं.

१९५० नंतरचं सगळं सुरळीत मिळालं. आजोबांचं नाव, त्यांच्या नावापुढे त्यांच्या वडिलांचं नाव, जमिनीचा आकार, म्हणजे शेतसारा, रुपये-आणे-पैमध्ये. त्याच्या मागची फेरफाराची वही मात्र कक्षात सापडेना. तिथल्या कारकुनांनी मनापासून शोधलं, पण ज्या गठ्ठ्यात ती असायला हवी तिथे शेजारच्या गावची वही बांधलेली. "येईल वर कधीतरी, नंबर देऊन ठेवा," म्हणाले. मी नंबर देऊन ठेवला.

तोवर दुसरीकडून जाऊ म्हणून लढाईच्या वाटेने निघाले. साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत चावडीला, वेशीला किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. पण मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात, फुकट आणि घरबसल्या. ज्यांच्या घरात 'लढाईला गेले' अशी आठवण आहे त्यांनी तिथे नक्की बघावं. नावाने शोधू नका, कारण इंग्रज कारकुनाने आपली नावं कानाला येतील तशी लिहिली आहेत. 'सखाराम' पाच प्रकारे लिहिलेलं दिसेल. पलटण आणि गाव या दोन गोष्टींनी शोधा. भारतीय शिपायांच्या नोंदीत बरेचदा 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका खटाव, सातारा' असा तपशील असतो आणि तोच खरा दुवा.

आमच्या गावचा माणूस तिथे सापडला. शिपाई, १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, मृत्यू जानेवारी १९१६, स्मारक बसरा. वडिलांचं नाव आमच्या खापरपणजोबांचं. गाव आमचं.

तारीख बघून मी त्या पलटणीचं वाचायला घेतलं. १०३ वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफॉनच्या लढाईनंतर ही फौज मागे हटून टायग्रिसच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा या गावात आली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी तिला वेढा घातला. त्या नाताळच्या आदल्या दिवशी गढीवर मोठा हल्ला झाला, तेव्हा गढी सांभाळणाऱ्यांत १०३ वी मराठा होती. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि आपल्याकडच्या पुष्कळ शिपायांनी ते मांस किती तरी दिवस तोंडात घातलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. आमचा माणूस त्याच्या आधीच, वेढ्यात असतानाच गेला होता. खटावच्या माळावरचं पोर नदीच्या चिखलात, उपाशी फौजेत, घरापासून समुद्रापलीकडे मेलं, हे वाचताना मला फार जड गेलं.

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांची स्मृती आहे. मात्र साध्या भारतीय शिपायांची नावं त्या भिंतींवर कोरलीच नव्हती. पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा, एवढंच. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर आणि आपल्या शिपायाचा नुसता आकडा. शंभर वर्षं उलटून गेल्यावर, २०२१ साली कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. वेशीतली आमची पाटीही तेच करते, नाव न सांगता संख्या सांगते.

हे सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ते गप्प बसून ऐकत राहिले, मग म्हणाले, "पण हे नाव कुठं आपलं?" कारण नोंदीतलं नाव वेगळं होतं. आजोबांच्या नावापुढे वडिलांचं म्हणून जे नाव लागतं, ते हे नव्हतं. मी म्हटलं, बाप तोच आहे, गाव तेच आहे. वडील म्हणाले, पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं एक असायचं पूर्वी, फौजेत दुसरं लावलं असेल. घरातल्या सगळ्यांना ते पटलं. मलाही पटण्यासारखंच होतं, पण वंशावळीला लावायला एक भक्कम कागद हवा होता. म्हणून आजोबांची जन्मनोंद शोधायला घेतली. त्यात बापाचं जे नाव असेल ते खरं.

आजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात होती, १ जून १९१५. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनचा आहे. पोरगं शाळेत आणलं, मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, सहा-सात वर्षांचं दिसतंय असं ठरवलं आणि शाळा उघडायच्या दिवसांतली तारीख टाकून दिली. शाळेच्या रजिस्टरवरून जात, आडनाव, गाव कळतं. वय म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. खरी नोंद हवी तर कोतवाल बुक.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की कोतवालाने पाटलाला वर्दी द्यायची आणि ते वहीत चढायचं. आमच्याकडची १९५० च्या आधीची सगळी मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्यांना त्या दिवसांत एवढी मागणी होती की वेळ मिळणं कठीण. ओळखीतून एक निवृत्त शिक्षक भेटले. ते एका बैठकीत ठरावीक पानंच वाचत, डोळे दमले की थांबत, आणि अक्षर लागलं नाही तर अंदाजाने सांगत नसत. "इथं शाई गेलीय, हे मी वाचणार नाही," असं स्पष्ट म्हणत. त्यांच्या शेजारी बसून मीही थोडी मोडी शिकले. निदान आमची आडनावाची वळणं, 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, महिन्यांची नावं आणि आकडे ओळखता यायला लागले. शोधणाऱ्याने एवढं शिकावंच. सगळं पान वाचता आलं नाही तरी कुठल्या पानावर थांबायचं ते कळतं.

कोतवाल बुकात बायका आणि लहान मुलं नावानिशी क्वचितच भेटतात. जन्माच्या रकान्यात बापाचं नाव आणि समोर 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं व्हायच्या आतच वर्दी गेलेली असते, मग नाव कुठून येणार? मरणाच्या रकान्यात 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी, वय महिने ४'. एका पानावर एकाच घरातली तीन पोरं ओळीने गेलेली दिसतात. काम करताना मधूनच वही मिटावीशी वाटते.

१९१४, १५, १६ या सालांत आमच्या घरी मुलगा झाल्याची नोंदच नव्हती. गुरुजी म्हणाले, राहून गेली असेल, पण पुढचं बघू. १९१७ मध्येही काही नाही. १९१८ च्या फेब्रुवारीत मात्र आमचं आडनाव आलं, मुलगा. बापाचं नाव तेच, जे आजोबांच्या नावापुढे आयुष्यभर लागलं.

शिपाई जानेवारी १९१६ ला वारलेला. मुलगा फेब्रुवारी १९१८ चा.

गुरुजींनी ओळ दोनदा वाचली, मग मलाही अक्षर दाखवलं. आकडा स्पष्ट होता. बसऱ्याला गेलेला माणूस आजोबांचा बाप असूच शकत नव्हता. पाळण्यातलं नाव आणि हाकेचं नाव हा हिशेब तिथेच मोडला. ती दोन नावं दोन भावांची होती.

मग प्रश्न असा की थोरला भाऊ, म्हणजे खरे पणजोबा, कुठे गेले? त्यांच्याबद्दल घरात एक अक्षर कोणाला माहीत नाही. गुरुजींना म्हटलं, आता मरणाची पानं वाचू या, तिथूनच पुढे. ते म्हणाले, "अठरा साल आहे. ऑक्टोबर काढा."

त्यांना माहीत होतं काय सापडणार ते. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत आली, थोडी ओसरली, आणि सप्टेंबरपासून दुसरी लाट आली ती पहिल्यापेक्षा कितीतरी भयंकर. ऑक्टोबरात तिने दख्खनची गावं झोडपून काढली. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला, पोटाला नीट नव्हतं. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. जुन्या लोकांनी तिला 'मानमोडी' म्हटलं. म्हातारी आणि तान्ही यांच्यापेक्षा तरणीताठी माणसं त्यात जास्त गेली, त्यातही बायका.

आमच्या गावच्या कोतवाल बुकात एरवी महिन्याला जेमतेम काही ओळी. ऑक्टोबर १९१८ ची पानंच्या पानं भरलेली. मध्येच अक्षर बदलतं, कारण लिहिणाराच अंथरुणाला खिळला असावा. कारणाच्या रकान्यात 'ताप', त्याखाली 'ताप', मग नुसत्या आडव्या रेघा. त्या रेघांमध्ये आमचे पणजोबा होते, वय २८. आणि दोन ओळी सोडून खाली 'त्याची बायको', वय २२. दोन मरणांत तीन दिवसांचं अंतर.

म्हणजे आजोबा आठ महिन्यांचे असताना आई आणि बाप दोघंही गेले होते. मग आमची पणजी, ती 'पेन्शनवाली', जिला माझ्या आत्याने डोळ्यांनी बघितलंय, जी १९५३ पर्यंत जगली, ती कोण?

याचं उत्तर तोवर न सापडलेल्या फेरफाराच्या वहीत होतं. नंबर देऊन ठेवल्याचा उपयोग झाला. कक्षातून फोन आला की दुसऱ्या तालुक्याच्या गठ्ठ्यातून ती वही निघाली आहे. मी दुसऱ्याच दिवशी वडूज गाठलं.

दोन फेरफार होते. पहिला १९१७ चा. खातेदाराचा धाकटा भाऊ 'लढाईत मयत', निपुत्रिक, एकत्र कुटुंब, सबब नाव कमी. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आणि इतर हक्कांत एक ओळ: मयताच्या विधवेचा अन्नवस्त्राचा हक्क. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या भावाच्या विधवेला जमिनीत वाटा नव्हता, तो हक्क १९३७ च्या कायद्याने थोडाफार मिळाला. तिला होता तो खाण्याचा आणि नेसण्याचा. पण त्या ओळीने एक मोठं काम केलं. तिचं नाव लिहिलं. कोतवाल बुकात ती कधीच नावानिशी आली नसती.

दुसरा फेरफार १९१९ चा. खातेदार व त्याची बायको साथीत मयत, वारस मुलगा एक, अज्ञान, वय वर्ष एक. आणि मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहून पालनकर्त्याचं नाव. तेच नाव. त्यापुढे नातं: चुलती.

सातबारे चाळणाऱ्यांना 'अ.पा.क.' ही अक्षरं सवयीची असतात, अज्ञान पालनकर्ता. बहुतेक ठिकाणी तिथे आई असते, नाहीतर चुलता. एखाद्या निपुत्रिक, वाटा नसलेल्या विधवेचं नाव तिथे फार दिसत नाही. भावकीत पुरुष नव्हते असं नाही, होते, आणि आठ-दहा एकर जमिनीचं अज्ञान पोरगं सांभाळायला कोणीही पुढे आलं असतं. ती कशी उभी राहिली असेल फेरफार मंजूर करणाऱ्या त्या सर्कल अधिकाऱ्यासमोर? मला वाटतं तिच्याकडे पेन्शन होती हे त्यामागचं कारण असावं. रोख पैसा येणारं घर दुष्काळातही तगतं आणि पोराला घेऊन कोणाच्या दारात जावं लागत नाही. हा माझा अंदाज. कागदात एवढंच आहे की पुढे आजोबा सज्ञान होऊन ही अक्षरं कमी होईपर्यंत जमीन एक गुंठाही हलली नाही. गहाण नाही, खरेदी नाही, बोजा नाही. त्याच वर्षांत शेजारच्या खात्यांवर सावकाराच्या नावाचे फेरफार ओळीने दिसतात.

मी आत्याकडे गेले. थोरली आत्या, पंच्याऐंशीच्या पुढची, कान थोडे मंद पण आठवण लख्ख. तिला हे सगळं कसं सांगायचं याची मला भीती वाटत होती. तिच्या आजीबद्दल बोलायचं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आबा तिला आईच म्हनायचं," ती म्हणाली. "मग आमी काय इचारायचं?"

मी विचारलं, कधी कोणी काही बोललं होतं का, दुसऱ्या कोणाबद्दल?

"न्हाय. एकदा हेळव्यानं म्हनलं व्हतं."

हेळवी म्हणजे दक्षिणेकडून येणारे वंशावळ सांगणारे. सुगी झाली की काही वर्षांनी एकदा येतात, दारात उभं राहून घराण्याची नावं पिढीवार म्हणतात, नव्या जन्मांची नोंद करून घेतात आणि धान्य, पैसे, कपडा घेऊन पुढे जातात. आत्या लहान असताना हेळव्याने म्हटलं होतं, 'धाकल्याचा वंश खुंटला, थोरल्याचा येल मांडवाला गेला.' म्हातारी तिथेच बसली होती. तिने हेळव्याला पायलीभर जास्त जोंधळे घातले आणि आत गेली. आत्याला त्यातलं काही कळलं नव्हतं, फक्त जास्त जोंधळे का घातले हे तिला खटकलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

मग तिनेच आणखी एक सांगितलं. ओढ्यालगतच्या आमच्या एका तुकड्याला सगळे 'शिपायाची पट्टी' म्हणतात. मला वाटायचं पूर्वी कोणा पोलिसाची असेल. आत्या म्हणाली, म्हातारी त्या पट्टीत शेवटपर्यंत स्वतः खुरपायला जायची, गडी लावू द्यायची नाही.

एक गोष्ट अजून उरली होती. आजोबांना हे माहीत होतं का? त्यांचा तसा एकही कागद घरात नव्हता. माझे वडील ठाम होते की नसणार, असतं तर बोलले असते. ते उत्तर नाशिकला मिळालं.

रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये आपापल्या यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. आडनाव, गाव, तालुका सांगितला की कोणत्या गुरुजींकडे तुमचं गाव आहे ते तिथे कोणीही सांगतं. जाताना वंशावळीतली माहीत असलेली सगळी नावं लिहून न्यावीत आणि घराण्यातलं कोण कधी अस्थी घेऊन आलं असेल याचा अंदाज न्यावा, म्हणजे वही काढणं सोपं जातं. या वह्यांची थोरवी अशी की त्यात माणूस स्वतः लिहितो, स्वतः सही करतो. बाकी सगळे कागद कोणीतरी आपल्याबद्दल लिहिलेले असतात, शेतसाऱ्यासाठी, साथीच्या हिशेबासाठी, पेन्शनसाठी. आणि दुसरं असं की तीर्थश्राद्धात बाप-आजा-पणजाबरोबर आई, आजी आणि आईकडचे आजोबाही नावानिशी घ्यावे लागतात. जमिनीच्या कागदात ज्यांना जागा नाही ती माणसं इथे भेटतात.

गुरुजींनी आमच्या गावची वही काढली. १९५३ चं पान. आजोबांचं अक्षर मी ओळखलं, कारण त्यांच्या हिशेबाच्या डायऱ्या घरात आहेत. वडिलांचं नाव, थोरल्याचं. आईचं नाव. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. तोवर माझ्या खऱ्या पणजीला नावच नव्हतं, ती 'त्याची बायको, वय २२' होती. त्याखाली आईच्या वडिलांचं नाव आणि गाव, आटपाडी महालातलं. मग चुलता, 'बसऱ्यास वारले.' आणि शेवटी चुलतीचं नाव, 'हिच्या अस्थी घेऊन आलो.' खाली सही.

आजोबांना सगळं ठाऊक होतं. घरात ते तिला आई म्हणत राहिले आणि आम्हाला पणजी म्हणून दिली ती तीच. गोदाकाठी नाव सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी प्रत्येकाला आपापल्या जागी लिहिलं. वडिलांना मी पानाचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला तो रात्री, आणि आम्ही दोघं बराच वेळ फक्त त्या अक्षराबद्दल बोललो, 'आलो'मधला काना कसा लांब ओढलाय त्याबद्दल.

भावकीत यावरून वाद झाला. एका चुलत्यांचं म्हणणं, दाखल्याचं काम झालंय, आता जुनं उकरून काय मिळणार? दुसऱ्यांना वाटलं, शिपायाचा वंश म्हणवून घेण्यात मान होता, तो मी घालवला. आत्याला मात्र काहीच हरकत नव्हती. "पोटची न्हवती तर न्हवती. आमची आजी तीच," म्हणाली, आणि मग विचारलं, "त्या दुसरीचं नाव काय म्हनलीस?" मी सांगितलं. तिने ते दोन-तीनदा उच्चारून बघितलं.

मी काढलेली वंशावळ दाखल्याच्या वंशावळीपेक्षा वेगळी आहे. कचेरीच्या नमुन्यात निपुत्रिक माणसाला जागा असून नसल्यासारखी, आणि त्याच्या बायकोला तर मुळीच नाही. माझ्या तक्त्यात धाकट्या भावाचा चौकोन आहे, पलटण आणि तारखेसकट. त्याच्या शेजारी तिचा, आणि तिच्यापासून आजोबांपर्यंत एक रेघ आहे, 'पालनकर्ती' असं लिहिलेली.

आता आटपाडीचं काम हातात घेतलंय. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, पण त्या वेळी ती औंध संस्थानात होती आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तिथला कारभार इंग्रजी मुलखापेक्षा वेगळा. आमचं गाव इंग्रजांकडचं, पणजीचं माहेर पंतप्रतिनिधींकडचं. तिच्या वडिलांचं नाव आणि गाव हातात असल्यामुळे तिथल्या तलाठ्यांकडे जुन्या खात्यांची चौकशी केली आहे. त्या आडनावाची तीन घरं गावात अजून आहेत, त्यांपैकी एका घरातल्या आजींनी फोनवर सांगितलंय की त्यांच्या सासऱ्यांची एक आत्या खटावकडे दिली होती, मानमोडीत गेली, आणि तिचं पोर तिकडेच राहिलं. पुढच्या आठवड्यात आत्याला घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.